देवीचा अबोल भाऊबंद

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. गेल्या श्रावणात ती चौथीत होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या काखेजवळ तीनचार बारीक पुळ्या उठल्या. पुळ्या कसल्या, मोतीच म्हणा ना! साबुदाण्याचा भिजलेला दाणा कातडीखाली ठेवावा तशा गोल, गुळगुळीत आणि किंचित चमकणाऱ्या. दुखत नव्हत्या, तापही नव्हता. म्हणून घरात कोणी फारसे लक्ष दिले नाही. दिवाळीपर्यंत त्यांची संख्या वीसच्या पुढे गेली, आणि मग मात्र धावपळ सुरू झाली. आजीने घोड्याच्या शेपटीचा केस कुठे मिळेल याची चौकशी आरंभली. शेजारच्या काकूंनी चुना आणि सोडा लावायचा सल्ला दिला. शाळेत बाईंनी बरे वाटेपर्यंत घरीच राहायला सांगितले, आणि त्याच दिवशी बाकावरच्या मैत्रिणीने दप्तर उचलून दुसरी जागा धरली. पुळ्यांचे त्या मुलीला काहीच वाटत नव्हते. मैत्रीण उठून गेली याचे मात्र फार लागले.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काका, मला देवी आल्यात का हो?" आजीच्या दंडावरचे देवीच्या लशीचे वण तिने पाहिले होते, आजीकडून गोष्टीही ऐकल्या होत्या. वर्गात कोणीतरी तो शब्द उच्चारला आणि तिने धास्ती घेतली.

मी टपाल तिकिटे पाहण्याचे भिंग काढले. भिंगातून पाहिले तर प्रत्येक पुळीच्या नेमक्या मध्यावर टाचणीच्या डोक्याने दाबल्यासारखा एक खळगा होता. ही खूण तुम्हीही लक्षात ठेवा. चामखिळीचा माथा खरखरीत असतो. कांजिण्यांच्या फोडात पाणी असते आणि आठपंधरा दिवसांत ते सुकून त्यावर खपली धरते. पण मोत्यासारखी, मध्ये खळगा असलेली आणि आठवडेच्या आठवडे जशीच्या तशी राहणारी पुळी असेल, तर डॉक्टर बहुधा नुसत्या नजरेनेच निदान करतात: मोलस्कम कॉन्टॅजिओसम.

नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. 'मोलस्कम' म्हणजे मऊ. शंखशिंपल्यांत राहणाऱ्या मृदुकाय प्राण्यांच्या संघाला 'मोलस्का' म्हणतात, तेही याच लॅटिन शब्दावरून. गोगलगाईचा आणि या पुळीचा एवढाच काय तो संबंध! 'कॉन्टॅजिओसम' म्हणजे सांसर्गिक. आपल्याकडे बऱ्याच घरांत या पुळ्यांनाही चामखीळच म्हणतात. पण चामखिळीचा विषाणू वेगळा आणि हा वेगळा. आपण याला नुसते मोलस्कम म्हणू.

"देवी नाहीत ग," मी त्या मुलीला सांगितले, "पण तू विचारलेस ते अगदीच चुकीचे नाही." कारण मोलस्कमचा विषाणू हा देवीच्या विषाणूचा भाऊबंद आहे.

पॉक्स नावाचे विषाणूंचे एक मोठे कुळ आहे. देवीचा विषाणू त्यातलाच. गाईंना व म्हशींना येणाऱ्या देवी, उंटांच्या देवी, अलीकडे वर्तमानपत्रांतून गाजलेला एमपॉक्स ही सगळी त्याच कुळातल्या विषाणूंची कामे. (कांजिण्यांच्या इंग्रजी नावात 'पॉक्स' असले तरी तो विषाणू या कुळातला नाही, तो नागिणीचा विषाणू आहे. नावांवर विसंबून नाती जुळवू नयेत ती अशी.) या कुळातले बहुतेक विषाणू जनावरांत राहतात आणि कधीमधी माणसाच्या वाटेला जातात. फक्त माणसाच्याच आश्रयाने जगणारे विषाणू या कुळात दोनच होते: देवीचा आणि मोलस्कमचा. 'होते' म्हणण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. देवीचा शेवटचा नैसर्गिक रोगी १९७७ साली सोमालियात सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने पृथ्वीवरून देवी नाहीशा झाल्याचे जाहीर केले. दोघा भाऊबंदांपैकी भयंकर होता तो गेला. निरुपद्रवी मात्र तुमच्याआमच्या घरात अजून सुखाने नांदतो आहे. हे असे का झाले असावे?

त्यासाठी हा विषाणू कातडीत करतो तरी काय, ते पाहायला हवे.

आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. ती बहुतेक ठिकाणी कागदाइतकी पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या व कोरड्या होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. तळापासून माथ्यापर्यंतचा हा प्रवास साधारण महिनाभराचा. मोलस्कमचा विषाणू एखाद्या बारीक ओरखड्यातून आत शिरतो आणि या पेशींत मुक्काम ठोकतो. डीएनए असलेले बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्या प्रती काढतात. पॉक्स कुळातले विषाणू मात्र केंद्रकात जात नाहीत, बाहेरच्या पेशीद्रवातच आपला कारखाना मांडतात. पेशी वर सरकत असते तसतसा हा कारखाना वाढत जातो. नवे विषाणू इतके साठतात की पेशी फुगते आणि बिचारे केंद्रक एका कडेला चेपले जाते. माथ्यावर पोचेपर्यंत पेशी म्हणजे विषाणूंनी ठासून भरलेले पोते होते. तेथे ते पोते फुटते. अशी फुटलेली पोती मधल्या खळग्यात साचतात. पुळी दाबली की चीजसारखा पांढरट गर बाहेर येतो, तो हाच. त्यात लक्षावधी विषाणू असतात.

एकट्या विषाणूची लांबी मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे १ मिलिमीटरमध्ये असे तीन हजार विषाणू ओळीने मावतील. विषाणूंच्या दुनियेत मात्र हा धिप्पाडच समजायचा; पोलिओचा विषाणू याच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. ठासून भरलेल्या पेशी साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. हेंडरसन आणि पॅटरसन या दोन डॉक्टरांनी १८४१ सालीच त्या पाहून ठेवल्या होत्या. त्या काळी विषाणू ही कल्पनाच नव्हती, तेव्हा आपण काय पाहतो आहोत हे त्यांना उमगणे शक्य नव्हते. पुढे १९०५ साली युलिउसबर्ग या जर्मन डॉक्टरने पुळीतला गर जिवाणूंनाही अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला. गाळून आलेल्या द्रवानेही रोग होतो असे त्याला दिसले. याचा अर्थ रोगाचे बीज जिवाणूपेक्षा लहान होते.

आता खरी नवलाची गोष्ट. तुमच्या बोटात काटा मोडला तर एक-दोन दिवसांत तेथे लाली येते, सूज येते, ठणका लागतो. ही सारी आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांची धावपळ असते. मग कातडीत लक्षावधी विषाणू साठलेले असताना पुळी लाल होत नाही, दुखत नाही, हे कसे? पहारेकरी झोपले काय?

झोपले नाहीत, त्यांना हाकच ऐकू जात नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या विषाणूचा संपूर्ण डीएनए वाचून काढला. त्यात सुमारे १,९०,००० अक्षरजोड्या निघाल्या. देवीच्या विषाणूशी ताडून पाहता शंभरावर जनुके दोघांत जुळली. ही बहुतेक स्वतःच्या प्रती काढण्याच्या कामाची, म्हणजे घराण्याचा धंदा दोघांनी तसाच चालू ठेवला. पण आश्रय देणाऱ्या शरीराशी कसे वागायचे, याची जनुके मात्र दोघांची पार वेगळी निघाली. मोलस्कमपाशी अशी काही प्रथिने आढळली की त्यांची कामगिरी वाचताना एखाद्या मुरब्बी चोराची आठवण व्हावी.

संकटात सापडलेली पेशी काही रसायने बाहेर सोडते. ती पहारेकरी पेशींवरच्या ठरावीक खाचांत जाऊन बसली की त्या धावून येतात. विषाणू याच रसायनाची एक खोटी नक्कल तयार करतो. ती खाचेत बसते, पण काम काहीच करीत नाही. कुलपात मोडकी किल्ली अडकवून ठेवावी, तसा प्रकार! विषाणूचे दुसरे प्रथिन पेशीने पाठवलेला निरोप वाटेतच धरून ठेवते. तिसरे आणखी पुढचे. विषाणू शिरल्याचे कळताच पुष्कळदा आपली पेशी आत्मघात करून घेते, म्हणजे तिच्याबरोबर विषाणूही संपावा. हे तिसरे प्रथिन तिला मरूच देत नाही. शिवाय हा सगळा उद्योग रक्तवाहिन्या नसलेल्या वरच्या थरात चाललेला. विषाणू खाली उतरत नाही, रक्तात जात नाही. म्हणून ताप नाही, आणि सहसा कायमचा वणही नाही.

देवीची रीत याच्या अगदी उलट होती. श्वासावाटे आत शिरायचे, रक्तातून सगळ्या शरीरात पसरायचे, फणफणून ताप आणायचा, तोंडभर फोड उठवायचे. दर दहा रोग्यांपैकी सुमारे तिघे दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहात, पुष्कळांचे डोळे जात. पण या आरडाओरड्यातच तिच्या नाशाचे बीज होते. देवीचा रोगी लपून राहू शकत नसे. पाहणाऱ्याला लांबूनही कळे. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हा येत नसत, म्हणजे शरीर तिला विसरत नसे. १७९६ साली जेन्नरने शोधलेल्या लशीचे बळ यातच होते. १८०२ साली ती लस मुंबईला पोचली. शेवटच्या मोहिमेत आपल्या देशातले हजारो आरोग्यसेवक घरोघर हिंडले. देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्याला बक्षीस असे. अखेरीस ते १,००० रुपयांवर गेले होते. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सर्वांना लस टोचायची, असे करीत करीत १९७५ साली भारतातल्या देवी संपल्या.

मोलस्कमला असे कोण शोधणार? विषाणू शिरल्यापासून पुळी दिसेपर्यंत दोन ते सात आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. पुळी दिसली तरी मूल खेळतच असते. शरीर त्याला नीट ओळखून ठेवत नाही, त्यामुळे एकदा बरे झालेल्या मुलाला तो पुन्हा होऊ शकतो. त्यावर लस नाही, आणि देवीची लस त्याला लागू पडत नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींत तो नीट वाढतही नाही; त्यामुळे संशोधकांनाही तो हाती लागू देत नाही! माणसाला न मारता, न तापवता त्याच्या कातडीत वर्षभर राहायचे आणि तेवढ्यात दुसरे घर गाठायचे, हा त्याचा संसार आहे.

हे दुसरे घर तो गाठतो कातडीला कातडी लागून. एकत्र झोपणारी भावंडे, दंगामस्ती करणारी मुले, तालमीतले कुस्तीगीर यांच्यात तो सहज पसरतो. मोठ्या माणसांत शरीरसंबंधातूनही पसरतो. एकच पंचा घरभर फिरत असेल, अंग घासायची घासणी सगळ्यांची मिळून एक असेल, तर त्यावरूनही जातो. पोहण्याच्या तलावाचे नाव यात नेहमी घेतले जाते, पण पाण्यापेक्षा तेथले एकमेकांचे टॉवेल आणि तरंगण्याच्या फळ्या यांच्यावर संशय अधिक घ्यावा. आणि सगळ्यांत मोठा प्रसारक म्हणजे रोग्याचे स्वतःचे नख! एक पुळी खाजवायची, त्याच नखाने शेजारची कातडी ओरखडायची, की तेथे नवी पेरणी झालीच. पुळ्या पुष्कळदा एका ओळीत उठलेल्या दिसतात, त्या अशा. इसब असलेल्या मुलांची कातडी आधीच फाटलेली आणि खाजरी असते. त्यांना हा त्रास जास्त होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा रोग्यांत तर पुळ्या फार मोठ्या आणि फार संख्येने येऊ शकतात.

आता औषधाचे. आधी आजीचे आणि काकूंचे उपाय पाहू. घोड्याचा केस बांधायला चामखिळीला निदान देठ तरी असतो. या पुळीला तोही नाही. केस आवळताना पुळी फुटते आणि गर आजूबाजूला लागतो, एवढेच. चुना-सोड्याची गोष्ट गंभीर आहे. तुम्ही आठवी-नववीत असाल तर हे समीकरण स्वतः मांडून पाहा: चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, एकत्र आले की खाली खडू बसतो आणि पाण्यात उरतो तो कॉस्टिक सोडा. काकू नकळत पोरीच्या अंगावर कॉस्टिक सोडा बनवायला निघाल्या होत्या! पुळी त्याने जळेल, पण तिच्याबरोबर भोवतालची चांगली कातडीही जळेल, आणि आपण होऊन वण न ठेवता जाणारा रोग जन्माचा डाग ठेवून जाईल. गंमत अशी की डॉक्टरसुद्धा कधी कधी कॉस्टिक सोड्याचा सख्खा भाऊ पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. पण मोजून मापून, पाच-दहा टक्क्यांचा द्राव, फक्त पुळीच्या माथ्यावर, आणि लाली येताच थांबवायचा. घरच्या वाटीतल्या चुन्याला टक्केवारी कोण लावणार?

डॉक्टरांपाशी आणखीही उपाय आहेत. बधिर करणारे मलम लावून बारीक चमच्यासारख्या हत्याराने पुळी खरवडून काढता येते. उणे १९६ अंश सेल्सियस तपमानाच्या द्रव नायट्रोजनने ती गोठवता येते. एक उपाय कीटकाकडून आलेला आहे. बाजरी फुलोऱ्यात आली की कणसांवर काळ्या-नारिंगी रंगाचे भुंगेरे बसतात. शेतकरी त्यांना हिंगे म्हणतात. असा किडा अंगावर चिरडला तर फोड उठतो. तो फोड उठवणारा पदार्थ म्हणजे कँथरिडिन. त्याचा थेंबभर द्राव डॉक्टर पुळीवर लावतात, खाली पाण्याचा फोड येतो आणि पुळी उचलली जाऊन गळते. डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलेल्या या द्रव्याच्या औषधाला अमेरिकेत मोलस्कमसाठी रीतसर परवानगी मिळाली ती २०२३ साली. नायट्रिक ऑक्साइड सोडणारे आणि घरी लावता येणारे एक मलमही तेथे २०२४ साली मान्य झाले.

परंतु प्रत्येक पुळी काढायलाच हवी असे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत मुलांचा रोग पूर्ण जायला सरासरी १३ महिने लागले, आणि दर दहांपैकी तिघांना दीड वर्षानंतरही पुळ्या होत्या. म्हणजे धीर बराच लागतो, पण रोग जातो आपण होऊनच. खरवडणे आणि गोठवणे दुखते, लहान मूल घाबरते. त्यामुळे थोड्या पुळ्या असतील आणि त्रास नसेल तर अनेक डॉक्टर थांबा म्हणतात. मला तरी ते पटते. पण पापणीवर पुळी असेल, डोळा लाल होत असेल, पुळ्यांत पू होऊन ताप आला असेल, इसब असेल किंवा पुळ्या भराभर वाढत असतील, तर थांबण्यात अर्थ नाही. आणि मूल लाजेने कोमेजत असेल तर तेही उपचाराला पुरेसे कारण आहे, असे मी म्हणेन.

शाळा बुडवण्याचे मात्र कारण नाही. पुळ्या कपड्याखाली झाकल्या, उघड्यावरची एखादी पट्टीने झाकली, पंचा वेगळा ठेवला, नखे कापली आणि पुळ्यांना हात लागल्यावर साबणाने धुतला की पुरे. आमच्या शेजारच्या मुलीला डॉक्टरांनी तशी चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती वाचली, दोन प्रश्न विचारले आणि तिला वर्गात घेतले. मैत्रीण लगेच परत आली नाही. तिला पंधरवडा लागला.

त्या मुलीला मी एक काम दिले होते. दर रविवारी आंघोळीआधी पुळ्या मोजायच्या आणि जुन्या वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायचा. २३, २६, २६, ३१ असे आकडे चढत गेले. माघात एके दिवशी तिची आई घाईघाईने आली: "भाऊजी, चारपाच पुळ्या लालभडक झाल्यात, सुजल्यात!" मुलीला ताप नव्हता, पू दिसत नव्हता. डॉक्टरांनी पाहिले आणि हसून सांगितले, की आता तिच्या शरीराला जाग आली आहे. पुळी जाण्याआधी पुष्कळदा अशी लाल होते. एखादी पुळी नखाने किंवा कपड्याने घासून फुटली, आतला माल खालच्या थरात सांडला, की पहारेकऱ्यांना इतके महिने न मिळालेली वर्दी एकदाची पोचते, असे मानतात. मग ते धावून येतात आणि पुष्कळदा लांबच्या पुळ्याही पाठोपाठ जातात.

त्यानंतरचे वहीतले आकडे असे आहेत: २८, १९, १९, ११, ७. आता पुन्हा श्रावण आला आहे. गेल्या रविवारी तिने २ लिहिले, आणि त्यापुढे कंसात 'एक लाल'.